घोडामैदान

घोडा आणि मराठी माणूस यांचे नाते किती जवळचे आहे, हे आपल्या भाषेलाच विचारावे. काम थांबले की आपले घोडे अडते. हट्टी माणूस आपलेच घोडे पुढे दामटीत असतो. उशिरा सुचलेले शहाणपण वरातीमागून येते तेही घोड्यावरूनच; आणि कुणाच्या बढाईला उत्तर द्यायचे तर ‘घोडामैदान जवळच आहे’ एवढे म्हटले की भागते. भीमथडीच्या तट्टांची आठवण काढली की आपली छाती अजून दोन बोटे फुगते. असे असूनही ‘अमका रेसला जातो’ हे वाक्य आपल्या घरांत दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून बोलले जाते. लढाईतला घोडा आपला, वरातीतला घोडा आपला. शर्यतीतला घोडा मात्र कुणा परक्याचा, आणि बहुधा घरदार बुडवणारा.

मी साठाव्या वर्षी रेसला जाऊ लागलो. विमा कचेरीच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षे बेरजा जुळवून बाहेर पडलेल्या माणसाला काहीतरी न जुळणारे हवेसे वाटत असावे. निवृत्तीनंतर कुणी ज्ञानेश्वरी उघडतात, कुणी गच्चीवर बाग करतात, कुणी सोसायटीचे चिटणीस होऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना सळो की पळो करतात. मला लहानपणापासून घोडा पाहायला आवडे. आमच्या गिरगावात त्या वेळी व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे तोबऱ्यात तोंड खुपसून उभे असत, आणि शाळेला उशीर झाला तरी त्यांच्या कानांची हालचाल पाहत मी रेंगाळत असे. धावणारा घोडा जवळून पाहावा, त्याच्यावर चार पैसे लावून आपले डोळे किती खरे आहेत ते ताडून पाहावे, एवढीच माझी हौस होती. पण ही हौस घरी सांगणे सोपे नव्हते.

कारण आमच्या घराण्यात रेसचा इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. माझे थोरले मामा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. हात इतका चपळ की खिळे जणू आपण होऊन ओळीत येऊन बसत. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात वावगा शब्द नाही. पण रविवार आला की मामा महालक्ष्मीला. आधी मामींच्या पाटल्या गेल्या, मग कोकणातल्या घराचा वाटा गेला, आणि शेवटी छापखान्यातल्या खोलीभाड्याच्या उचलीवर उचल होऊन नोकरीही गेली. मामी पुढे पापड लाटून संसार करीत. मामांनी त्यांना कधी उणा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही आणि मामींनी मामांना कधी उत्तर दिल्याचेही आठवत नाही. त्या दोघांच्या मधली ती शांतता मात्र लख्ख आठवते.

हे सगळे लग्नानंतर मीच पत्नीला सांगितलेले. तेव्हा तिने विचारणे रास्तच होते.

“अहो, मामांचं काय झालं ते ठाऊक असून तुम्हाला तिथं जायचंय?”

“म्हणूनच जायचंय,” मी म्हटले. “ते कुठं घसरले ते मला पाहायचंय.”

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घासून-पुसून टेबलावर ठेवला. “पहिल्या तारखेला यात हजार रुपये पडतील. डबा रिकामा झाला की महिना संपला. जिंकलात तर तेही यातच. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही पैशाला हात लावायचा नाही. आणखी एक अट आहे, ती मी वेळ आली की सांगेन.” हिशेब खात्यात चौतीस वर्षे काढूनही इतके स्वच्छ अंदाजपत्रक मी पाहिले नव्हते.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उतरले की एका बाजूला धोबीघाटाचे वाळत घातलेले कपडे दिसतात आणि दुसऱ्या बाजूने चालत गेले की मुंबईत विश्वास बसू नये एवढे आकाश एकाएकी उघडते. १८८३ साली हे मैदान सुरू झाले, मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. माझी समजूत अशी, की इथे यायचे, इथले घोडे पाहायचे आणि घरी जायचे. प्रत्यक्षात स्टँडमध्ये पाहतो तो जागोजाग पडदे लावलेले. एका पडद्यावर बंगळुरू, दुसऱ्यावर हैदराबाद, तिसऱ्यावर कोलकाता. समोरच्या हिरवळीवर घोडे नसतानाही खिडक्यांपुढे रांगा आहेतच. माणसे मुंबईत उभी, पैसा मलकपेटला धावतोय. एक शर्यत संपते न संपते तोच दुसऱ्या गावची सुरू होते. नवख्या माणसाला वाटते, केवढी ही सोय! ताटात सहा भाज्या वाढल्या आहेत, हवी ती खा.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणी ते मोतद्दार म्हणून तबेल्यात लागले आणि घोड्यांची वैरण, खरारा, नाल, औषधपाणी पाहता पाहता तिथेच म्हातारे झाले. सगळे त्यांना काका म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने सहा गावांची सहा रेसबुके घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला नाही.

“भाऊ, तुम्ही घोडे किती ओळखता?”

“अजून एकही नाही, काका.”

“मग सहा गावं कशाला? एका गावात चार वर्षं राहिल्यावर माणूस कळतो. सहा गावांतून एसटीनं गेल्यावर फक्त पाट्या वाचून होतात.”

पुढचे सहा महिने मी या एका वाक्याचा अभ्यास केला. नवखा रेसला जातो तो ‘कुठला घोडा?’ असे विचारीत. वास्तविक त्याच्या आधीचा प्रश्न ‘कुठले मैदान?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर पुढची सगळी उत्तरे बरोबर येऊनही उपयोग नसतो.

मी प्रत्येक मैदानाचे एक पान केले. चेन्नईचे गिंडी वयाने फार वडील. तिथे १७७७ पासून शर्यतीचे मैदान आहे. तिथलीच मंडळी उन्हाळ्यात उटीला जात. धुके, थंडी आणि शर्यती. परंतु २०२४ च्या जून महिन्यात सरकारने उटीच्या मैदानाची जागा ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गिंडीच्या फाटकांनाही सील लागले. प्रकरण कोर्टात गेले. ज्या मैदानाच्या पायाखालच्या जमिनीचाच वाद चालू आहे, तिथे नवख्याने घर बांधू नये, असे मी त्या पानावर लिहिले. कोलकात्याचा क्लब १८४७ चा. मैदानाशेजारी व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढरा घुमट. १९६१ साली राणी एलिझाबेथ तिथे शर्यती पाहून गेली. ते सगळे राजस आहे, पण मी तिथला एक घोडा प्रत्यक्ष पाहायचा तर दोन रात्रींचा प्रवास आला. हैदराबादेत मलकपेटला १८८६ पासून शर्यती आहेत. तिथे पावसाळ्याचा हंगाम वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. गाव आपल्याला ओळखीचे, बोलीही अर्धी ओळखीची. मैसूरला चामुंडीच्या पायथ्याशी सुंदर मैदान आहे. आणि बंगळुरू! तिथे हिवाळा आणि उन्हाळा असे दोन भरगच्च हंगाम, मोठमोठे तबेले, तगडे घोडे. पडद्यावर पाहणाऱ्याला सर्वांत मोहात पाडणारे मैदान तेच. ज्याला बंगळुरूत राहायचे आहे त्याने तेच धरावे, यात मला शंका नाही. पण मला तिथे राहायचे नव्हते.

उरले मुंबई आणि पुणे. आणि इथे मला एक गोष्ट उमगली, जी कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर माझी बरीच रेसबुके वाचली असती. मुंबई आणि पुणे ही दोन मैदाने दिसतात, पण घर एकच आहे. दोन्ही एकाच क्लबची. नोव्हेंबर ते एप्रिल शर्यती मुंबईत, आणि पावसाळ्यात, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, त्या पुण्याला. तेच घोडे, तेच ट्रेनर, बहुतेक तेच जॉकी. एप्रिलमध्ये महालक्ष्मीला आपण ज्या घोड्याच्या नावापुढे खूण केली, तोच घोडा तीन महिन्यांनी पुण्याच्या पावसात आपल्यापुढे उभा राहतो. आपल्याकडच्या मुलींना जसे सासर आणि माहेर, तसे या घोड्यांना मुंबई आणि पुणे. माणूस तोच, हवापाणी तेवढे बदलते, आणि हवापाणी बदलल्यावर स्वभावाची दुसरी बाजू दिसते. एका वस्तीतले दोन-तीनशे घोडे वर्षभर पाहणे हे साठीतल्या माणसालाही जमण्यासारखे आहे. साऱ्या हिंदुस्थानातले घोडे ओळखतो म्हणणारा मात्र नावेच ओळखत असतो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मुंबई-पुण्याचे हे येणे-जाणे जुने आहे. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. आज आपण तिला नोकरदारांची गाडी म्हणून ओळखतो. सुरुवातीला ती आठवड्याच्या अखेरीस धावणारी गाडी होती आणि पुण्याच्या शर्यतींना निघालेली मुंबईची हौशी मंडळी तिचे उतारू होते. हे ऐकले तेव्हा मला मोठी मौज वाटली. पुणेकरांच्या अभिमानाचे ते वाहन मूळचे रेसवाल्यांच्या सोयीचे! १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीने जिंकली. डर्बी २,४०० मीटरांची आणि फेब्रुवारीतली. ज्यांना डर्बीच ठाऊक असते त्यांना वाटते हंगाम म्हणजे तो एक रविवार. पण डर्बीला उतरणारे घोडे आदल्या पावसाळ्यात पुण्याला कोवळे असताना कसे पळत होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या दृष्टीने तो रविवार सात-आठ महिन्यांच्या कादंबरीचे शेवटून दुसरे प्रकरण असते.

एकच घर धरल्याचा फायदा कसा होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. शर्यतींत घोड्यांचे वर्ग असतात. खालचा वर्ग पाचवा, वरचा पहिला. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीप्रमाणे अंक मिळतो आणि त्या अंकाप्रमाणे पाठीवर वजन चढते. जिंकला की अंक वाढला, वजन वाढले. हरत गेला की अंक उतरला, वजनही उतरले. चांगल्याला ओझे आणि दुबळ्याला सवलत असा हा न्याय आहे. हेतू हा की सगळे घोडे एका ओळीत येऊन पोहोचावेत. म्हणजे नुसता ‘मागच्या वेळी तिसरा आला’ हा आकडा काहीच सांगत नाही. कुठल्या वर्गात तिसरा, किती वजन घेऊन, किती मीटर, कोरड्या जमिनीवर की ओल्या, आतल्या बाजूने की बाहेरच्या, आणि जॉकीने शेवटी हात सैल सोडला होता की काय, हे सारे त्या ‘तिसरा’ या शब्दामागे दडलेले असते. दूरच्या मैदानाच्या बाबतीत आपल्याकडे फक्त तो शब्द असतो. जवळच्या मैदानाच्या बाबतीत आपल्याकडे आपले डोळे असतात.

काकांनी मला पहिले दोन महिने एक पैसाही लावू दिला नाही. “वहीत लावा,” ते म्हणाले. तेव्हा मी वहीत लावीत असे. शर्यतीआधी पॅडॉकच्या कठड्याशी उभे राहायचे, घोडे गोल फिरत असताना पाहायचे. कुणाला फुकट घाम आलाय, कोण कान टवकारून चालतोय, कोण मोतद्दाराला ओढतोय, कोण झोपेत चालल्यासारखा चालतोय. मग वहीत लिहायचे आणि खिडकीकडे न जाता कठड्याकडे जायचे. त्या दोन महिन्यांत मी वहीत किती हरलो ते इथे सांगत नाही. पण घरातल्या डब्यातले दोन हजार जसेच्या तसे राहिले आणि पत्नीच्या चेहऱ्यावरची रेष थोडी निवळली.

त्या वहीतच मला ती घोडी भेटली. नाव सांगत नाही; ती कुणाच्या तरी मालकीची आहे आणि अजून धावते. अंगाने बारीक, तपकिरी, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. मुंबईला सलग तीन वेळा ती मागून पहिली आली. परंतु तिसऱ्या वेळी, शेवटच्या दोनशे मीटरांत, मला असे वाटले की ती दमलेली नाही, तिला पाय टाकायलाच नको वाटतेय. जणू अनवाणी बाई तापल्या फरशीवरून चालते आहे. मी वहीत लिहिले, ‘जमीन कडक वाटते काय?’ काकांना विचारले तर ते म्हणाले, “पावसाळ्यात बघा.”

पावसाळ्यात मी पुण्याला गेलो. माझी धाकटी मेहुणी तिथे असते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च डब्यावर पडला नाही. लष्कराच्या हद्दीतले ते मैदान १८३० सालचे. मुंबईच्या मानाने घरगुती. आदल्या दोन दिवसांत पाऊस लागला होता. जमीन किती मऊ आहे ते मोजून क्लब आकडा जाहीर करतो. त्या दिवशीचा आकडा पाहून लोक नाके मुरडत होते. माझी घोडी खालच्या वर्गात होती, वजन अगदी उतरलेले, आणि भाव असा की कुणाला तिचे नावही घ्यावेसे वाटू नये. मी शंभर रुपये लावले. चिखल उडवीत घोडे वळणावर आले तेव्हा ती मधे होती. सरळ रेषेवर आल्यावर तिने मान खाली घातली आणि अशी काही धावली, की मी तोंडातून आवाजही काढू शकलो नाही. ती दुसरी आली. माझी पैज पहिल्या नंबराची होती, म्हणजे शंभर रुपये गेलेच. पण मी ते आनंदाने गेले म्हणून लिहिले. साऱ्या मैदानात तिला मी ओळखीत होतो, आणि तिने माझी ओळख खोटी ठरवली नव्हती. पुढे त्याच हंगामात ती जिंकलीही, आणि डब्यात काही पैसे परत आले. तो भाग तेवढा महत्त्वाचा नाही.

आता हिशेबाचे बोलले पाहिजे, कारण ते न बोलता शर्यतीचे गोडवे गाणे म्हणजे वाचकाला फसवणे होईल. मद्रासच्या क्लबाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा जुगार नसून प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. कौशल्य आहे हे मलाही मान्य आहे. पण कौशल्याला किती अंतर कापायचे असते ते पाहा. टोट म्हणजे काय? सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात, त्यातून क्लब आपला वाटा काढतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे आपण घोड्याविरुद्ध खेळत नाही, रांगेत आपल्या मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांविरुद्ध खेळतो, आणि तेही हौदाला भोक पडलेले असताना. त्यावर कर. पूर्वी पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शंभराच्या पैजेला चाळीस रुपये! घोडा जिंको की हरो, सरकारचा घोडा पहिला. या आकड्यांपुढे बसून माझ्यातल्या जुन्या हिशेबनिसाने निकाल दिला, की या धंद्यावर पोट भरू म्हणणाऱ्या नवख्याचे पोट भरणार नाही. कितीही हुशार असो. इथे शिकायला यावे, पाहायला यावे, आणि शिकवणीची फी द्यावी तसे मोजके पैसे द्यावेत. फी दर तासाला देणारा आणि दर आठवड्याला एकदा देणारा यांत किती फरक पडतो, हे मी सांगायला नको. म्हणजे मैदान एकच धरण्याचे हे दुसरे कारण. सहा पडदे पाहणारा सहा पट शहाणा होत नाही. सहा पट कर मात्र भरतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण मला पत्नीने दाखवून दिले. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईचा हंगाम संपला. मी सहज म्हणालो, “आता पुणे सुरू होईपर्यंत पडद्यावर बंगळुरू बघावं म्हणतो. नुसतं बघायला.”

तिने भाजी निवडता निवडता मान वर केली. “ती राहिलेली अट आता सांगते. मैदान बंद तर डबा बंद. पडदा नाही.”

“अगं, पण—”

“तुमचे मामा मे महिन्यात कुठं असायचे, सांगा बरं?”

मी आठवू लागलो, आणि आठवत गेलो तसा गप्प झालो. मे महिन्यात आम्ही भाचरे आजोळी जमत असू. मामी असत, मुले असत, मामा नसत. एप्रिल संपला की मामा उटीला जात, तिथून बंगळुरूला. जुलै उजाडला की पुणे, मधेच हैदराबाद, आणि नोव्हेंबरात पुन्हा महालक्ष्मी. त्या काळी पडदे नव्हते, तरी रेल्वे होती, आणि ती नसेल तेव्हा कुठल्यातरी इराण्याच्या हॉटेलातल्या टेलिफोनवर पैजा घेणारे होते. मामांच्या वर्षाला कडा नव्हत्या. शेतकऱ्याला चैत्र-वैशाखात नांगर टेकवावा लागतो, कोळ्याला नारळीपौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवावी लागते. त्या सक्तीच्या सुट्टीत माणूस हिशेब करतो, जखमा मोजतो, बायकोच्या तोंडाकडे नीट पाहतो. मामांना तो अवसरच मिळाला नाही, कारण त्यांनी तो कधी मागितला नाही. एक मैदान मिटले की दुसरे उघडलेले असे. ते कुठे घसरले, हे पाहायला मी रेसला गेलो होतो. ते घसरले कुठल्या घोड्यावर नव्हे, कुठल्या टिपेवरही नव्हे. दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या जागेत घसरले, जी त्यांनी रिकामी ठेवली नाही.

तेव्हापासून कुणी नवखा मला मैदान कसे निवडावे म्हणून विचारतो, तेव्हा मी त्याला मैदानाची लांबी, घोड्यांची संख्या, बक्षिसांचे आकडे सांगण्यापूर्वी विचारतो, “ते वर्षातून किती दिवस बंद असतं?” तो हसतो. त्याला वाटते म्हातारा विनोद करतोय. मग मी त्याला क्रमाने सांगतो: जिथे स्वतःच्या पायांनी जाता येईल ते घ्या. जिथले घोडे वर्षभर त्याच वस्तीत राहतात ते घ्या. जिथे पावसातली आणि उन्हातली अशा दोन परीक्षा पाहायला मिळतात ते घ्या. आणि जे बंद होते, ते घ्या; आणि ते बंद झाले की तुम्हीही व्हा.

यात मला एक चिंता आहे, ती लपवीत नाही. आपण धरलेले मैदानच आपल्याला सोडून गेले तर? महालक्ष्मीच्या जागेचा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. पुढे बरीच वर्षे वाद चालला आणि २०२४ मध्ये असे ठरले, की सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे जावी आणि ९१ एकर क्लबाकडे राहावी. या शहरात मुलांना खेळायला हातभर जागा नाही, तिथे उद्यान नको असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. पण एका बाजूने जमीन आणि दुसऱ्या बाजूने चाळीस टक्के, अशी दुहेरी दोरी या खेळाच्या गळ्याभोवती आहे खरी. काका म्हणतात, “भाऊ, तबेल्यात माणसं किती आहेत ते कुणी मोजत नाही. मोतद्दार, नालबंद, वैरणवाले. घोडा बसला तर ही सगळी बसतील.” मामींच्या पाटल्या मला विसरता येत नाहीत, आणि काकांचे हे बोलणेही खोटे म्हणता येत नाही. या दोहोंची बेरीज चौतीस वर्षांच्या अनुभवाने मला जुळवता आलेली नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुण्याचा हंगाम आटोपत आलेला किंवा आटोपलेला असेल आणि घोड्यांच्या गाड्या घाट उतरून मुंबईकडे निघायच्या बेतात असतील. माझी तपकिरी घोडीही त्यांत असेल. कडक जमिनीवर ती पुन्हा मागे पडेल आणि मी तिच्यावर काही लावणार नाही, पण पॅडॉकच्या कठड्याशी तिला पाहायला जाईन. सध्या मधले दिवस आहेत. डब्यातली रक्कम पत्नीने मोजून एका पाकिटात घातली आहे, पाकिटावर तारीख घातली आहे, आणि डब्यात चकल्या भरल्या आहेत.